उघडं ठेवलेलं काम

मंगळवार, दुपारची सुट्टी

अण्णा,

माझा आवाज ऐकायचा नाही असं तुम्ही ताईला सांगितलंत. अक्षराबद्दल काही बोलला नाहीत, म्हणून लिहितोय. कागदावर लिहून त्याचा फोटो ताईच्या फोनवर टाकतो, ती वाचून दाखवेल. ताई, सगळं वाच, मधलं गाळू नकोस. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं तरी वाच.

आवाज का ऐकायचा नाही तेही तिने सांगितलं. 'याचा फोन आला की याने काहीतरी सोडलेलं असतं.' खरं आहे. टायरचं दुकान सोडलं तेव्हा फोन केला, गोदाम सोडलं तेव्हा केला. त्याआधी तुमचं पॉलिशचं वर्कशॉप सोडलं तेव्हा फोनची गरज नव्हती, समोरासमोरच झालं. या वेळी काही सोडलेलं नाही. हॉस्पिटलात नोकरीला लागलोय आणि अजून आहे.

तुमचं अपेंडिक्स फुटलं हे मला ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आल्यावर कळलं. पोटात कळा येत होत्या आणि तुम्ही गोळ्या गिळून त्या हॉटेलच्या टेबलांना पॉलिश मारत बसलात. ऑर्डर वेळेत गेली, पण अपेंडिक्स काही थांबलं नाही. यावर मी बोलत नाही. बोललो तर म्हणाल, हातातलं काम टाकून पळणं तुला जमतं, मला नाही. तुम्ही म्हणायच्या आत मीच लिहून टाकलं, म्हणजे तुमचा दम वाचेल. पोटावर ताण नको.

आता कामाचं. मी इथे ऑपरेशन थिएटरात असतो, त्यामुळे मला यातलं कळतं. पेशंटला पहिली चीर द्यायच्या आधीच जंतू मारायचं इंजेक्शन देतात, म्हणजे चीर पडेपर्यंत ते अंगात भिनलेलं असतं. पोटावरचे केस वस्तऱ्याने काढत नाहीत, मशीनने बारीक करतात, कारण वस्तऱ्याचे ओरखडे आपल्याला दिसले नाहीत तरी जंतूंना ते दरवाजासारखे. डॉक्टर हात असे धुतात की साबणाशी जुनं भांडण आहे असं वाटावं. एवढा सगळा आटापिटा एका चिरेसाठी. पण हे झालं त्यांच्याकडचं. घरी आल्यावर जखम आपल्या हातात असते, आणि बहुतेक घाण तिथेच होते.

तर पट्टीला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, मनगटापर्यंत, नखांतलंसुद्धा. तुमच्या नखांत लाख असते, ते मला ठाऊक आहे. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या 'पुढे कोणाला तरी लागतील' असं म्हणून डबीत टाकायच्या नाहीत. सिगरेट बंद. धुराने जखम भरायला वेळ लागतो, हे मी तुमच्यावर सूड म्हणून सांगत नाहीये. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही, तिथे भुसा उडतो. जखमेभोवती लाली वाढली, हाताला गरम लागली, पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि आम्ही इथे सगळं स्पिरिटने पुसतो. ट्रॉली, दाराच्या मुठी, टेबलं. स्पिरिटपुढे जंतू टिकत नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तुमचा धाकटा


शुक्रवार, जेवण झाल्यावर

अण्णा,

ताईने तुमचं उत्तर कळवलं. तिने शब्द गाळलेले नाहीत, उलट एखाददुसरा वाढवलाही असेल. तुम्ही म्हणालात, 'डॉक्टरने काम अर्धवट टाकलंय. आतून शिवलं आणि वरून उघडं. असं कपाट मी गिऱ्हाइकाला दिलं तर ते माझ्या डोक्यात घालेल. आणि विचार त्याला, थिएटरात असतो म्हणजे काय करतो? पडदा ओढतो?'

पडद्याचं आधी सांगतो. थिएटरात असतो म्हणजे थिएटर रिकामं झाल्यावर असतो. फरशी पुसतो, भिंती पुसतो, रक्ताच्या पट्ट्यांच्या पिशव्या बांधून खाली नेतो. दाराशी लाल पट्टी आहे, तिच्या आत जायला वेगळ्या चपला. माझ्या जोडीला एकजण आहे, त्याला सगळे पंखा म्हणतात, कारण काम दिसलं की तो गरगर फिरतो आणि जागचा हलत नाही. त्याच्या वाटणीची फरशीही मीच पुसतो. झालं समाधान?

आता अर्धवट कामाचं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून आमच्या मोठ्या सिस्टरना विचारलं. थिएटर त्यांच्या ताब्यात असतं. बाईंचा आवाज असा, की लिफ्टसुद्धा मजला सोडून थांबत नाही. म्हटलं आता ओरडणार, पण त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि नीट समजावून सांगितलं.

अपेंडिक्स फुटलं की त्यातली घाण पोटात पसरते. डॉक्टर ती धुऊन काढतात, पण बाहेर काढताना थोडी कातडीखालच्या चरबीला लागलेली असते. वरून टाके घालून टाकले तर ती आत अडकते आणि तिथे पू धरतो. म्हणून आतले थर घट्ट शिवतात आणि वरची कातडी मुद्दाम उघडी ठेवतात. त्या खोबणीत सलाईनच्या पाण्यात भिजवलेली गॉजची पट्टी भरतात. ती काढली की आतली घाण तिच्याबरोबर बाहेर येते. सकाळी एक, संध्याकाळी एक. जखम आतून स्वच्छ, लालबुंद दिसायला लागली की मग डॉक्टर ठरवतात, टाके घालायचे की आपणहून भरू द्यायची. म्हणजे कोणी काम टाकून गेलेलं नाही, अण्णा. उघडं ठेवणं हेच काम आहे.

तुम्हाला उघडं बघवत नाही हे मला कळतं. खिळ्याच्या डोक्याएवढा खड्डा दिसला तरी लांबी भरल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नाही. पण हा खड्डा खालून वर भरत येतो, वरून भरायचा नाही.

ताई लिहिते, सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर येऊन पट्टी बदलतो. मग संध्याकाळी कोण बदलतं? ती विचारते तर तुम्ही म्हणता, 'माझं मी बघतो.' कसं बघता? तुम्हाला तिथे वाकून दिसतं तरी का? आई असती तर वेगळं होतं. आता ताई दोन गल्ल्या ओलांडून रोज येते, तिला करू द्या. तिने दोन पोरं वाढवलीत, तिला कसली आलीय घाण.

तुमचा धाकटा


सोमवार, कामावर

अण्णा,

ताई, हे एका दमात वाच आणि वाचून झालं की रिक्षा बोलव.

सकाळी ताईचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'बघ! अण्णांची जखम बंद झाली. काल दुपारपासून एक थेंब नाही. कंपाउंडरला आजपासून येऊ नको म्हणाले.' मला आधी वाटलं, ताईने चुकून टेबलाचा फोटो पाठवला. त्यात खिडकीचा उजेड दिसत होता. मग बेंबी दिसली.

मी विचारलं हे काय आहे, तर ताईने सगळं कळवलं. तुम्ही जखमेच्या कडा जवळ ओढून चिकटपट्ट्या लावल्या, वर मलमलीचा तुकडा ठेवला आणि त्यावर चपड्याचे, तुमच्या त्या लाखेच्या पॉलिशचे, हात मारले. एक वाळला की दुसरा. जळजळलं तेव्हा दातात फडका धरलात म्हणे. बोट कापलं की तुम्ही आणि सुतारकाका आयुष्यभर हेच करत आलात, लाख आणि स्पिरिटचा एक थेंब, की कामाला मोकळे. आणि सुतारकाका बघायला आले, ते म्हणाले, 'फिनिश झकास आलीय.' त्यांना माझा नमस्कार सांगा आणि पुन्हा घरात घेऊ नका.

ताईने तुम्हाला विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून आलं. तुम्ही म्हणालात, 'तुझ्या भावाच्या. त्यानेच लिहिलं ना, स्पिरिटपुढे जंतू टिकत नाही? चपडा कशात विरघळवतात? स्पिरिटमध्येच. मग?'

हे वाचून मी बादली तिथेच टाकली आणि मोठ्या सिस्टरना गाठलं. त्या जेवत होत्या. फोन पुढे केला.

'पोट कोणाचं आहे?'

'वडिलांचं.'

'वर काय लावलंय?'

'पॉलिश.'

'कसलं पॉलिश?'

'कपाटाला मारतात ते.'

त्यांनी घास खाली ठेवला. 'मुद्दाम उघडी ठेवलेली जखम बंद केली? कोणी सांगितलं त्यांना असं करायला?'

मी म्हटलं, 'कोणीतरी.'

'आज न्या. आत्ता. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच. घरी खरवडायचं नाही, ओढायचं नाही, वरून अजून काही लावायचं नाही. ताप आहे?' मी म्हटलं माहीत नाही. 'मग उभा काय आहेस, विचार.'

ताप आहे का, अण्णा? ताईने हात लावून बघितलं का, की तेही माझं मी बघतो?

थेंब थांबला म्हणजे जखम बरी झाली असं नाही. थेंबाची वाट बंद झाली. ओलं लाकूड घेऊन आलेल्या त्या बंगलेवाल्याला तुम्ही काय म्हणाला होतात? दुप्पट पैसे देतो म्हणत होता तो, तरी तुम्ही ब्रश उचलला नाहीत. म्हणालात, 'ओल आत कोंडली की आज आरसा दिसेल, महिन्याने पांढरं पडेल, फोड येतील आणि सगळं खरवडावं लागेल. आधी सुकू दे.' तुमचं पोट अजून ओलं आहे, अण्णा. त्यावर तुम्ही आरसा काढून ठेवलाय.

उठा.


सोमवार, चार वाजता

ताई, हे फक्त तुझ्यासाठी. मोठ्याने वाचू नकोस, स्वयंपाकघरात जाऊन वाच.

तुझा निरोप मिळाला. 'मी काय कपाट आहे?' म्हणाले आणि पांघरूण ओढून बसले. ताप चढलाय, दात वाजतायत, पॉलिशच्या कडेने लाली पसरलीय. आणि तू विचारतेस, शेजारच्या चौघांना बोलावून उचलून नेऊ का. तशी वेळ आली तर ने. पण आधी मला एक सांगू दे.

तू सहज म्हणून एक ओळ लिहिलीस. 'दोन्ही हातांनी पांघरूण धरून बसतात, मी जवळ गेले की म्हणतात, तू पोरगी आहेस.' मी ती वाचून पुढे गेलो होतो. मग वॉर्डात पोछा मारताना हात थांबला.

आमच्या वॉर्डात एक म्हातारा आहे, आयुष्यभर ट्रक चालवलेला. त्याची मुलगी दिवसभर उशाशी असते. सिस्टर पट्टी बदलायला आल्या की तो मुलीला काहीतरी आणायला पिटाळतो. पाणी भरलेलं असलं तरी पाणी आण. परवा पायजम्याची नाडी सोडायला त्याला हात पुरेना, तर मला म्हणाला, 'ए पोछावाल्या, जरा धर रे.' मी धरलं. त्याला लाज वाटली नाही, मलाही नाही. मी त्याचा कोणी नव्हतो म्हणून.

अपेंडिक्सची चीर कुठे असते तुला माहीत आहे. पायजमा किती खाली घ्यावा लागतो तेही. सकाळी कंपाउंडर असतो, संध्याकाळी तू. ताई, आपण इतके दिवस त्यांना जंतू शिकवतोय. हात धुणं, गॉज, गोळ्या. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्यांना ती जखम बंद हवी होती, कारण उघडी राहिली तर रोज संध्याकाळी कोणाला तरी दाखवायला लागते, आणि घरात कोणी म्हणजे तूच. मी नाही. हे काम माझं होतं आणि मी इथे दुसऱ्यांच्या वडिलांचे पायजमे धरतोय.

आणि स्पिरिटचं. मी ते ऐटीत लिहिलं. मुठी पुसायचा डबा हातात असतो माझ्या, तेवढंच माझं थिएटर. जखमेचं मला काय कळत होतं? मोठ्या सिस्टरना मी 'कोणीतरी' म्हटलं, तुला तसं म्हणणार नाही.

मी निघतोय. एक अडचण आहे, ती त्यांना कळता कामा नये. मोठ्या सिस्टरनी ड्रेसिंगच्या ट्रेनिंगला माझं नाव दिलंय. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, शिकून पक्की नोकरी. परवा सुरू होतं. मी नसलो तर नाव पंख्याचं. घरी जातोय म्हणून सिस्टरना सांगितलं, तर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, 'पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत थांबवून धरते, त्यापुढे माझ्या हातात नाही.' अण्णांना कळलं तर म्हणतील, बघ, हेही सोडून आला. म्हणू देत, पण आत्ता नको.

दुसरा कागद अण्णांसाठी आहे. तो मोठ्याने वाच. वाचताना त्यांच्याकडे बघू नकोस.


अण्णा,

मी येतोय. बस उद्या पोचेल. तेवढा वेळ ताप थांबणार नाही, म्हणून मी येण्याआधी तुम्ही जायचंय.

सुतारकाका तुमच्याबरोबर आत येतील. ताई दाराबाहेर बाकावर बसेल, आत पाऊल टाकणार नाही, मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. पांघरूण डॉक्टर बाजूला करतील. घरी आल्यावर मी असेन. संध्याकाळची पट्टी मी बदलेन, सकाळचीही. तुम्हाला माझ्याशी बोलावं लागणार नाही. वर बघत पडून राहा.

स्पिरिटचं मी चुकीचं लिहिलं. मोठेपणा मिरवायला लिहिलं. आयुष्यात तुम्ही एकदा माझं ऐकलंत आणि नेमकं तेच चुकीचं निघालं. आता दुसऱ्यांदा ऐका.


पुढच्या आठवड्यातला बुधवार, बसमध्ये

अण्णा,

अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्याला आवर्जून भेटतोय.

तुमच्यासमोर जे बोललो नाही ते लिहितो. बोललो तरी काय, इतक्या दिवसांत. 'वळा', 'दुखतंय का', 'झालं'. तुमच्याकडून फक्त माझ्या चुका.

मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी ते सगळं काढून जखम पुन्हा उघडली होती. सुतारकाका अजून बाहेर भिंतीला टेकून होते. एवढा वास लाकूड कुजल्यावरही येत नाही, म्हणाले. डॉक्टर मला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर विष रक्तात पसरलं असतं. ते चिडले नव्हते. उलट विचारत होते, हे मटेरियल तरी कसलं आहे, निघता निघत नव्हतं. आणि तुम्ही तशा तापात डोळे न उघडता म्हणालात, 'एक नंबर चपडा.' डॉक्टर हसले. मी हसलो नाही, वळून खिडकीकडे बघितलं.

मग घरी आपण दोघं. पहिल्या संध्याकाळी मी दोनदा हात धुतले. तुम्ही छताकडे बघत होतात, मी जखमेकडे. ती मी कधी एवढ्या जवळून पाहिलीच नव्हती. थिएटरात मी पोचतो तेव्हा माणूस गेलेला असतो, फक्त फरशी असते. सलाईन ओतलं, गॉज भरली, तुम्ही दात आवळलेत. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणालात, 'कोपरा राहिला.' राहिला होता. त्यानंतर रोज काहीतरी. 'दाबून भरू नको, ठेव नुसती.' 'हात हलका.' 'घाई कसली आहे तुला?' वर्कशॉपमध्ये हेच सगळं ऐकून माझं डोकं फिरायचं. या वेळी मी ऐकलं, कारण जखम तुमची होती आणि तुम्ही म्हणता ते बरोबर होतं. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, आतून छान लाल आलीय, टाक्यांची गरज नाही, अजून पंधरा-वीस दिवस पट्ट्या आणि भरून येईल. तुम्ही ते ऐकून म्हणालात, 'वरून भरायची नाही, खालून येते.' जसं काही तुम्हीच शोधून काढलंय.

गुरुवारच्या ट्रेनिंगचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ताईने सांगितलं. कालच मी तिला झापलं. ती म्हणाली, 'त्यांनी विचारलं, हा इथे बसलाय तर तिथलं काय? मला खोटं बोलता येत नाही, तुला येतं.' मी ठरवलं होतं की जायचं नाही. पंख्याला जाऊ दे ट्रेनिंगला, निदान तो एकदाचा जागचा हलेल. पंधरा-वीस दिवसांच्या पट्ट्या राहिल्यात, त्या कोण करणार? मी कबूल केलं होतं तुम्हाला. तुम्हीही काही बोलला नाहीत, मला वाटलं विषय संपला.

आज सकाळी मी गॉज भिजवत होतो. ताई स्वयंपाकघरात होती. तुम्ही तिला हाक मारलीत. मला वाटलं पाणी हवंय.

'इकडे ये. हात धुऊन ये.'

ती दारात थांबली. इतके दिवस ती त्या दारातच थांबत आलीय.

'आत ये. बघून घे नीट. हा उद्या नसणार.'

आणि पांघरूण तुम्ही स्वतः बाजूला केलंत. तुमचे डोळे मिटलेले होते. कान लाल झाले होते. मी ताईला दाखवत गेलो, इथून धर, हे आधी टाक, हा कोपरा राहतो. पट्टी बसल्यावर ताईने विचारलं, 'बरोबर झालं का, अण्णा?' तुम्ही म्हणालात, 'बरं आहे. याच्यापेक्षा हात हलका आहे.'

मला राग आला, अण्णा. वाटलं, मला घालवायला एवढी घाई. पिशवी भरताना मी कपाट आपटलं ते मुद्दाम. स्टँडवर येईपर्यंत मनात तुमच्याशी भांडत होतो. तिकीट काढलं, खिडकी मिळाली, बस सुटली, आणि मग कुठे डोक्यात उजेड पडला. पोरीसमोर पांघरूण काढायला लागू नये म्हणून तुम्ही दातात फडका धरून पोटावर पॉलिश मारून घेतलंत. ताप अंगावर काढलात, मरायला टेकलात. तेच पांघरूण आज तुम्ही आपल्या हाताने काढलंत, कारण ते काढल्याशिवाय मला निघता आलं नसतं.

आजवर मी जिथून निघालो तिथून पळालो. वर्कशॉपमधून, दुकानातून, गोदामातून. पाय मोकळे वाटायचे. आज पहिल्यांदाच कुठून तरी निघताना मागे फिरावंसं वाटतंय, आणि तरी मी उतरलो नाही. उद्या सकाळी मी तिथे असेन. मोठ्या सिस्टर काय म्हणतील ते म्हणतील.

ताई, थोडं तुझ्यासाठी. संध्याकाळी पट्टी बदलताना दिवा पोटावर पडू दे, तोंडावर पडू देऊ नकोस. आणि गप्प राहून करू नकोस. तोंडाने काहीतरी चालू ठेव. पोरांच्या शाळेतलं सांग, शेजारणीचं गाऱ्हाणं सांग, गॅस संपला म्हणून सांग. तुझं लक्ष दुसरीकडेच आहे असं त्यांना वाटलं पाहिजे.

अण्णा, हे वरचं तुम्ही ऐकलंत ते मला माहीत आहे. ऐकलं नाही असं तिला दाखवा.

तुमचा धाकटा